सोलापूरची शशिकला : पडद्यावरची 'वाईट बाई'

सात रस्त्याच्या आपल्या स्टुडिओतून बोलतेय.

मागच्या महिन्यात गटांच्या बैठकांना गेले, तिथं एक प्रश्न मुद्दाम विचारत होते. सोलापुरात जन्मलेली आणि हिंदी सिनेमात मोठी झालेली नटी कोण? पोरींना नाव आठवेना. पन्नाशी-साठीच्या मावश्यांनी मात्र पटकन सांगितलं, पण सांगताना नाक मुरडलं. "ती शशिकला व्हय? लई वंगाळ बाई बघा. घरं फोडायची." एका अक्कांनी तर तिचं ते एक भुवई वर करून बघणं करून दाखवलं. सगळ्या जणी हसल्या.

मीही हसले, पण थोडं वाईटही वाटलं. घरं फोडणारी म्हणून जी बाई लक्षात राहिली, ती प्रत्यक्षात बारा-तेरा वर्षांची असताना घराला हातभार लागावा म्हणून स्टुडिओच्या दारात उभी राहायची. आजचं बोलणं तिच्याबद्दल आहे. सिनेमात 'वाईट बाई' कशी तयार केली जायची आणि ते काम पोटासाठी करणारी बाई कोण होती, हे आज समजून घेऊ.

शशिकलाचं माहेरचं आडनाव जवळकर. जन्म ४ ऑगस्ट १९३२, आपल्या सोलापुरात. वडील अनंतराव जवळकर व्यापारी, घर खाऊन-पिऊन सुखी. भावंडं सहा. त्या वेळचं सोलापूर डोळ्यांपुढं आणा. गिरण्यांचे भोंगे, त्या भोंग्यावर उठणारी आणि झोपणारी माणसं, घरोघरी माग. नुकताच मार्शल लॉ होऊन गेलेला. १२ जानेवारी १९३१ ला आपले चार हुतात्मे येरवड्याला फासावर गेले, त्यानंतर दीड वर्षानं ही मुलगी जन्मली. गणपतीत मेळे निघायचे, नाटक कंपन्या मुक्कामाला यायच्या. अशा गावात पाचव्या वर्षापासूनच शशिकला स्टेजवर नाचायची, गायची, सोंगं वठवायची. नुसतं शहरातच नाही, जिल्ह्यातल्या गावोगावी तिचे कार्यक्रम झाले. घरच्यांना कौतुक होतं आणि पैशाची गरज नव्हती. हौस होती, बस्स.

इथं जरा थांबून एक गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल. बाईनं सिनेमात काम करणं ही त्या वेळी साधी गोष्ट नव्हती. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा तारामतीचं काम करायला बाईच मिळेना. कुणीच तयार होईना. शेवटी साळुंके नावाच्या पुरुषानं लुगडं नेसून तारामती केली. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर' मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला, म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, यांनी काम केलं. म्हणजे मराठी मायलेकीच पहिल्या. पण त्यांचं किती जणांनी ऐकून घेतलं असेल! मग १९३२ साली, म्हणजे शशिकला जन्मली त्याच वर्षी, 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट आला. त्यात दुर्गा खोटे तारामती झाल्या. चांगल्या घरातली, शिकलेली बाई पडद्यावर आली म्हणून केवढी चर्चा. तेव्हापासून हळूहळू दार किलकिलं झालं, तरी 'सिनेमातली बाई' हा शब्द लोक आवाज खाली करूनच बोलत. म्हणजे पडद्यावर काय करते हा प्रश्न नंतरचा, पडद्यावर गेली इथंच तिच्यावर एक शिक्का बसायचा.

असो. शशिकलाच्या घराचे दिवस फिरले. वडिलांचा धंदा बुडाला, दिवाळं निघालं. आठ माणसांचं कुटुंब आणि मिळवणारा एकच, त्याचाच हात मोडला. सोलापुरात राहण्यात अर्थ उरला नाही म्हणून अनंतरावांनी सगळ्यांना मुंबईला नेलं. तिथं ओळखीच्यांकडे आसरा घेतला. दुसऱ्याच्या घरात इतकी माणसं घेऊन राहणं काय असतं, हे आपल्यातल्या काही जणींना सांगायला नको. सहा भावंडांत शशिकला दिसायला उजवी, शिवाय नाच-गाणं येणारी. मग ठरलं, हिला सिनेमात काम मिळतंय का बघू.

हे 'ठरलं' मला नेहमी खटकतं. कारण ही एकटी शशिकलाची गोष्ट नाही. मीनाकुमारी सहा-सात वर्षांची असल्यापासून कॅमेऱ्यासमोर होती, तिच्या कमाईवर घर चालायचं. आपल्या हंसा वाडकरांचंही तेच. १९३६ साली, वयाच्या तेराव्या वर्षाच्या आसपास, त्या सिनेमात आल्या त्या घरच्या गरजेपोटी. पुढं त्यांनी 'सांगत्ये ऐका' हे आत्मचरित्र सांगितलं. ते वाचताना अंगावर काटा येतो. पैसा आणायची ती आणि तिच्या आयुष्याचे निर्णय घ्यायचे दुसऱ्यांनी. आपल्या गटाच्या ग्रंथालयात हे पुस्तक आहे, वाचायला न्या. श्याम बेनेगलांनी १९७७ साली 'भूमिका' काढला तो त्याच आयुष्यावर, स्मिता पाटील आहे त्यात.

आता तुम्ही म्हणाल, ते जुनं झालं. जुनं कुठलं? आज गावोगावी लहान मुलींच्या नाचाच्या स्पर्धा आहेत, मोबाईलवर रील आहेत, मालिकांसाठी मुलं हवीत अशा जाहिराती येतात. आपल्याच एका गटातल्या बाईंनी मला विचारलं होतं, "मॅडम, पोरीला सिरियलमध्ये घेतो म्हणतात, पाठवू का?" म्हणून कायदा काय म्हणतो ते सांगून ठेवते. २०१६ साली बालमजुरीच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०१७ मध्ये त्याचे नियम आले. १४ वर्षांखालच्या मुलाला सिनेमात, मालिकेत, जाहिरातीत काम करता येतं, पण अटी आहेत. काम देणाऱ्यानं आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची. दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही आणि विश्रांती न देता सलग ३ तासांच्या वर नाही. ओळीनं २७ दिवसांपेक्षा जास्त कामाला लावायचं नाही. शाळेची सोय काम देणाऱ्यानंच बघायची. मुलाच्या मनाविरुद्ध काम करून घ्यायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मिळालेल्या पैशातले किमान २० टक्के थेट राष्ट्रीयीकृत बँकेत त्या मुलाच्या किंवा मुलीच्या नावावर मुदत ठेवीत टाकायचे, ते तिला सज्ञान झाल्यावर मिळणार. हे सगळं कागदावर मागा. जो माणूस "कागदाची काय गरज, घरच्यासारखं आहे" म्हणतो, त्याच्यापासून चार हात लांब राहा. शशिकलाच्या वेळी यातलं काहीच नव्हतं.

तर मुंबईत पायपीट करता करता तिची भेट नूरजहाँशी झाली. त्या काळची केवढी मोठी गायिका-नटी ती! तिचे पती शौकत हुसेन रिझवी 'झीनत' नावाचा चित्रपट करत होते. त्यात एक कव्वाली होती. कव्वाली म्हणजे पुरुषांचं गाणं, गोल करून बसायचं, टाळ्या वाजवत म्हणायचं. 'झीनत' मध्ये पहिल्यांदा बायकांच्या आवाजात, बायकांना बसवून कव्वाली केली. त्या घोळक्यात शशिकलाला बसवलं. पुढं नाव काढलेली श्यामाही त्यातच होती. आवाज दुसऱ्यांचे, ह्या मुलींनी ओठ हलवायचे आणि टाळ्या वाजवायच्या. शशिकलाला या कामाचे २५ रुपये मिळाले. चित्रपट आला १९४५ ला. ती तेव्हा जेमतेम तेरा वर्षांची.

'जुगनू' (१९४७) मध्येही रिझवींनी तिला घेतलं. त्यात दिलीपकुमार आणि नूरजहाँ होते. पण तेवढ्यात फाळणी झाली, रिझवी आणि नूरजहाँ पाकिस्तानात गेले आणि हिचा आधार गेला. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

त्यानंतरची वर्षं बारक्या-सारक्या कामांची. कधी पी. एन. अरोरांच्या चित्रपटात, कधी अमिय चक्रवर्तींच्या. महिन्याच्या पगारावर. आधी बहुतेक कंपन्यांमध्ये पगाराचीच पद्धत होती. नट-नटी, सुतार, रंगारी, सगळे महिन्याच्या नोकरीवर. पुढं ही पद्धत मोडली आणि चित्रपटागणिक ठरवून पैसे घ्यायचे दिवस आले. नायक-नायिकांचं त्यात भलं झालं, त्यांचे भाव चढले. मधल्या फळीतल्यांचं मात्र आपल्या विडी कामगार बायकांसारखं झालं. जितकी कामं, तितका पैसा. काम नाही तर हात हालवत बसा.

१९५३ मध्ये व्ही. शांतारामांच्या 'तीन बत्ती चार रास्ता' मध्ये ती दिसली. नाव ऐकून मला आपला सात रस्ताच आठवतो, तिथं तर चारच्या जागी सात. त्या चित्रपटात एकाच घरात वेगवेगळ्या प्रांतांतून आलेल्या सुना आहेत आणि प्रत्येकीची बोली वेगळी. आपल्या सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू एका गल्लीत ऐकू येतात, तसंच काहीसं.

याच सुमाराला, विशीच्या आसपास, तिनं ओमप्रकाश सैगल यांच्याशी लग्न केलं. प्रसिद्ध गायक कुंदनलाल सैगल यांच्या नात्यातले ते. दोन मुली झाल्या. आणि इथं सिनेमाच्या धंद्याची आणखी एक रीत समजून घ्या. नायिकेचं लग्न झालं, लेकरं झाली की निर्माते म्हणायचे, आता हिला कोण बघणार? नायक पन्नाशीचा झाला तरी चालायचं. त्यामुळं लग्न झालेल्या, घर चालवायची गरज असलेल्या नटीपुढं एकच वाट उरायची, दुय्यम भूमिका. बहीण, मैत्रीण, नणंद, जाऊ आणि मग 'दुसरी बाई'.

बहीण म्हणून तिनं काय सुंदर काम केलंय ते बघायचं तर बिमल रॉय यांचा 'सुजाता' (१९५९) बघा. हा माझा अतिशय आवडता चित्रपट. एका ब्राह्मण कुटुंबात अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतली अनाथ मुलगी वाढते, ती नूतन. घरातली सख्खी मुलगी रमा म्हणजे शशिकला. आई सुजाताला सांभाळते खरी, पण "ही आमच्या मुलीसारखी" असं म्हणते. त्या 'सारखी' मध्येच सगळं दुःख आहे. रमासाठी जो मुलगा बघितलेला असतो, त्याचं मन सुजातावर जडतं. दुसऱ्या कुठल्या चित्रपटात रमानं जळफळाट केला असता, कारस्थान केलं असतं. इथं ती खेळकर, निर्मळ पोरगी आहे. घरातल्या सगळ्यांत जात जिच्या डोक्यातच शिरलेली नाही अशी ती एकटीच. शशिकलानं तिला इतकं हलकं ठेवलंय की ती अभिनय करतेय असं वाटत नाही.

हे नीट लक्षात ठेवा, कारण तीनच वर्षांनी सगळं पालटलं.

१९६२ साली ताराचंद बडजात्यांच्या राजश्री संस्थेचा पहिला चित्रपट आला, 'आरती'. दिग्दर्शक फणी मजुमदार. मीनाकुमारी त्यात डॉक्टर आहे. ठरलेलं मोठ्या घरचं लग्न सोडून ती एका साध्या, बेकार मुलाशी लग्न करते आणि त्याच्या एकत्र कुटुंबात नांदायला येते. त्या घरात थोरली जाऊ आहे जसवंती. ती शशिकला. गोड बोलून काटा काढणारी, एकीचं दोन करून सांगणारी, आल्या सुनेचं शिक्षण आणि मान बघून आतून पेटलेली. प्रेक्षकांनी थिएटरात शिव्या घालाव्यात असं काम. त्या भूमिकेला फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी 'गुमराह' साठी पुन्हा तोच. लागोपाठ दोन.

पुरस्कार मिळाला, मागणी वाढली, पैसा आला. पण रमा संपली. निर्मात्यांना आता फक्त जसवंती हवी होती.

आता ही 'वाईट बाई' पडद्यावर ओळखायची कशी, ते बघू. त्या काळचे पाच-सहा चित्रपट ओळीनं बघितलेत तर तुमच्याही ध्यानात येईल. चांगली बाई साडीत, बहुतेक वेळा पदर खांद्यावरून घेतलेला. तिचा आवाज खालचा. ती रडते, सोसते, देवापुढं दिवा लावते. वाईट बाई केस कापलेले किंवा उंच बांधलेले. क्लबात जाते. सिगारेट ओढते, दारूचा पेला हातात धरते. मोठ्यानं हसते. गाडी चालवते. स्वतःला काय हवं ते सरळ सांगते. आणि बहुतेक वेळा, हे बघा हं, ती कुठंतरी काम करते, नाचून नाहीतर नोकरी करून पोट भरते. सिगारेट-दारूचं सोडा, त्याची मी तरफदारी करत नाही. पण बाकीची यादी बघितली तर त्यातलं निम्मं आपण बचत गटात बायकांना शिकवतो. मोठ्यानं बोला, एकटीनं तालुक्याला जा, पैशाचं विचारा. सिनेमानं हे सगळं वाईट बाईच्या खात्यावर मांडून ठेवलं होतं.

याचा सगळ्यात चांगला नमुना म्हणजे 'गुमराह' (१९६३). बी. आर. चोप्रांचा चित्रपट. गोष्ट थोडक्यात सांगते. माला सिन्हा एका तरुणावर प्रेम करते, पण बहीण वारते आणि तिच्या लहान मुलांसाठी हिला मेहुण्याशी लग्न करावं लागतं. मेहुणा म्हणजे अशोककुमार, मोठा बॅरिस्टर. पुढं जुना प्रियकर पुन्हा भेटतो, हिचं मन वळतं, चोरून भेटी होतात. मग एके दिवशी लीला नावाची बाई दारात येते. म्हणते, मी त्याची बायको आहे, मला सगळं माहीत आहे, पैसे काढ. ही लीला म्हणजे शशिकला. ती येते कधी, बसते कशी, बोलता बोलता घरातल्या वस्तूंवर नजर कशी फिरवते! माला सिन्हाच्या जागी आपण असतो तर आपलेही हातपाय गळाले असते. चित्रपटभर आपण तिच्या नावानं बोटं मोडतो.

आणि शेवटी कळतं काय, तर लीला कुणाची बायको वगैरे नाही. ती अशोककुमारची सेक्रेटरी आहे. नवऱ्यानंच बायकोची परीक्षा घ्यायला तिला पाठवलेलं असतं. म्हणजे बघा, एका नोकरदार बाईनं मालकानं सांगितलेलं काम केलं. घाबरवायचा बेत नवऱ्याचा. पण नवरा शेवटी समजूतदार, क्षमा करणारा ठरतो आणि आपल्या मनात राग राहतो तो लीलाचा. मी हा चित्रपट दोन गटांना दाखवला. एका गटात शेवट झाल्यावर एक मावशी म्हणाल्या, "अगं, मग तिची काय चूक? तिला पगार घ्यायचा होता." हे वाक्य माझ्या मनातून जात नाही.

'फूल और पत्थर' (१९६६) मला तितकासा आवडत नाही, पण तो तुफान चालला आणि धर्मेंद्रला त्यानंच मोठं केलं. त्यात मीनाकुमारी पांढऱ्या साडीतली विधवा शांती आणि शशिकला क्लबात नाचणारी रीटा. दोघींना नुसतं शेजारी उभं केलं तरी दिग्दर्शकाला काय सांगायचंय ते कळतं. रीटाचंही धर्मेंद्रवर प्रेम असतं, पण त्या प्रेमाला गोष्टीत किंमत नाही. 'आई मिलन की बेला', 'वक़्त' अशी कितीतरी नावं आहेत. सगळी सांगत बसत नाही.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. त्या काळच्या हिंदी सिनेमाची घरगुती दुनिया मोठ्या प्रमाणावर आपल्या मराठी बायकांनी उभी केली. सोशिक आई म्हटलं की सुलोचनाबाई, बेळगाव जिल्ह्यातल्या खडकलाटच्या. खाष्ट सासू म्हटलं की ललिता पवार, नाशिककडच्या येवल्याच्या. आणि नखरेल, कारस्थानी बाई म्हटलं की सोलापूरच्या शशिकलाबाई. ललिताबाईंची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. त्या नायिका होत्या, चांगल्या चालल्या होत्या. १९४२ साली चित्रीकरणात भगवानदादांनी मारायची थप्पड जोरात बसली, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली. तीन वर्षं औषधपाणी केलं, पण डावा डोळा बारीक राहिला तो राहिलाच. नायिकेची कामं गेली. मग त्याच बारीक डोळ्यानं त्यांनी अख्ख्या देशातल्या सुनांना घाबरवलं. अपघात तो, पण तो मिचकावलेला डोळा म्हणजे दुष्टपणाची खूण अशी लोकांनी समजूत करून घेतली. ललिताबाई आणि शशिकलाबाई या दोघी 'नील कमल' (१९६८) मध्ये सासू आणि नणंद आहेत. समोर वहिदा रेहमान. त्या सुनेचं काय होत असेल ते मी सांगायला नको.

ही कामं दिसतात तितकी सोपी नव्हती. नायिकेला गाणी असतात, तिच्या चेहऱ्यावर सगळा उजेड असतो. दुय्यम नटीला दोन-चार प्रसंगांत सगळं उभं करायचं असतं. शशिकलाबाईंची एक ढब होती. वाक्य सुरू करायच्या गोडीनं आणि शेवटचा शब्द टाकायच्या सुईसारखा. हसू ओठांवर, डोळे मात्र हिशेब करत असलेले. लहानपणच्या स्टेजचा सराव कामाला आला असणार असं मला वाटतं. मांडवातल्या शेवटच्या माणसापर्यंत भाव पोचवायची सवय होती त्यांना.

आणि त्यांना दुसरंही येत होतं, हे सिद्ध करायची संधी क्वचित मिळाली. हृषिकेश मुखर्जींनी दिली. 'फूल और पत्थर' ज्या वर्षी आला त्याच वर्षी, १९६६ ला, 'अनुपमा' आला. त्यात शर्मिला टागोर अबोल, दबलेली मुलगी आहे. बाळंतपणात बायको गेली म्हणून बाप मुलीचा राग करतो आणि त्या रागाखाली पोरगी गप्प होऊन जाते. त्या घुसमटलेल्या गोष्टीत खिडकी उघडावी तशी शशिकला येते, अ‍ॅनी म्हणून. बडबडी, मायाळू, कुणालाही जवळ करणारी. ती आली की आपल्यालाही श्वास घेतल्यासारखं वाटतं. रीटा आणि अ‍ॅनी एकाच बाईनं एकाच वर्षी केल्या, यावर विश्वास बसत नाही. पुढं मुखर्जींच्याच 'ख़ूबसूरत' (१९८०) मध्ये त्या घरातली थोरली सून झाल्या. शिस्तीच्या सासूपुढं गप्प राहणारी, पण आत हौस जपणारी.

वय झाल्यावर नायिका घरी बसतात. शशिकलाबाईंना ती अडचण नव्हती. नायिका बदलत गेल्या, या टिकल्या. शंभराहून जास्त चित्रपट केले. नंतर दूरदर्शन मालिका आल्या, तिथंही त्यांनी काम केलं. तुमच्या मुलांनी 'सोनपरी' बघितली असेल, तिच्यातही त्या होत्या. 'मुझसे शादी करोगी' (२००४) मध्ये त्या आजी आहेत. मिश्कील, गोड. ज्या पोरांनी त्यांना फक्त त्यातच बघितलं, त्यांना 'वाईट बाई' सांगून पटायचं नाही.

मधल्या काळात संसार मोडला आणि त्या फार एकट्या पडल्या. ते दिवस कसे गेले यावर त्या स्वतः मुलाखतींतून मोकळेपणानं बोलल्या आहेत, मी त्यात शिरत नाही. मनाला शांतता मिळावी म्हणून त्यांनी इगतपुरीला विपश्यना केली. मग कोलकात्याला जाऊन मदर तेरेसांच्या संस्थेत राहिल्या. अनाथ मुलं, आजारी, मरणाला टेकलेली माणसं, त्यांचं अंग पुसणं, भरवणं, कपडे धुणं. जिच्याकडं बघून थिएटरातले लोक कडाकडा बोटं मोडायचे, ती बाई तिथं फरशी पुसत होती. ती कोण हे तिथल्या रुग्णांपैकी कितीशा जणांना ठाऊक असणार! तिथून परतल्यावर त्यांनी पुन्हा कामं घेतली. साठीच्या पुढं नव्यानं कामाला लागणं म्हणजे काय, हे आपल्या गटात आलेल्या विधवा मावश्यांना विचारा.

२००७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ४ एप्रिल २०२१ ला मुंबईत त्या गेल्या, तेव्हा वय ८८. करोनाचे दिवस होते, सगळीकडं त्याच बातम्या, आपल्या गावची एवढी मोठी बाई गेली ते पुष्कळांना कळलंही नाही.

सोलापुरात त्यांच्या नावाचं काय आहे, असं मला एका मुलीनं विचारलं. मी तिला उलटं विचारलं, तुमच्या गल्लीत अशा किती बायका आहेत ज्यांच्याबद्दल "जरा जपून, तशीच आहे ती" असं म्हटलं जातं? मुलगी विचारात पडली. मग म्हणाली, "एक मेस चालवते. एक रिक्षा चालवते. एक नवऱ्याला सोडून माहेरी राहते, शिवणकाम करते." तिघीही मिळवत्या. तिघींपैकी दोघी आपल्याच गटाच्या सभासद, आणि त्यांचे हप्ते कधी चुकलेले नाहीत, हे मी रजिस्टर बघून सांगते.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत हिशेब झाल्यावर आपण 'सुजाता' बघणार आहोत. मुद्दाम तोच निवडलाय. त्यात आई झाल्यात सुलोचनाबाई, सोवळं-ओवळं धरून बसलेल्या बुआजी झाल्यात ललिता पवार आणि रमा म्हणजे आपली शशिकला. तिघी एकाच चित्रपटात. नूतनही मराठी आईची, शोभना समर्थांची लेक. बघताना प्रत्येक वेळी रमा पडद्यावर आली की तिच्या चेहऱ्याकडं लक्ष ठेवा. ती कधी कुणाकडं वाकड्या नजरेनं बघते का, ते मला नंतर सांगा. चित्रपट जरा लांब आहे, म्हणून भाकरी-चटणी बांधून आणा आणि लेकी-सुनांनाही घेऊन या. ज्यांच्या घरी "सिनेमाला कशाला जायचं" असं म्हणतात, त्यांनी बैठक आहे म्हणून सांगा. बैठक आहेच की!